देव मानतो, म्हणजे मी मंद आहे का?

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला, इंजिनिअरिंगला असलेला 19 वर्षांचा मुलगा. पेपरला जाताना हात जोडायचा तेही चोरून, हे त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. मित्रांनी त्याला 2013चं एक संशोधन दाखवलं होतं: बुद्धी जास्त तिथे श्रद्धा कमी. तेव्हापासून एखादं गणित अडलं, की 'हा घ्या पुरावा' असं त्याच्या मनात येई.

संशोधन खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ झुकरमन आणि सहकाऱ्यांनी 63 अभ्यास एकत्र तपासले, बुद्धी आणि श्रद्धेचा सहसंबंध निघाला उणे 0.24 (0 म्हणजे संबंध नाही, उणे 1 म्हणजे पूर्ण उलटा संबंध). इथे 'तसं काही नसतं रे' म्हणून पाठ थोपटली, तर मुलाचा विश्वास उडतो. आकडा त्यानं वाचलेला असतो. तो उलगडून दाखवणं बरं.

कागदावर 100 ठिपके काढले. ही सगळी सरासरीहून हुशार माणसं. संबंध मुळीच नसता, तर त्यांतली 50 सरासरीहून जास्त श्रद्धाळू असती. उणे 0.24 धरला, तर ती साधारण 42 भरतात. मग पेन त्याच्या हातात दिलं: "यातला तू कुठला, खूण कर." पेन बराच वेळ कागदावर फिरत राहिलं, टेकलं नाही.

शिवाय यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आणि पाश्चात्त्य देशांतले. विचारमग्न पुतळ्याचं चित्र पाहून श्रद्धा घटते, हा 2012चा गाजलेला निष्कर्ष तर 2017 साली मोठ्या गटावर पुन्हा तपासला तेव्हा टिकलाच नाही.

वडिलांनी घरी श्रद्धाळू गणितज्ञ रामानुजनचा दाखला दिला होता. हेतू चांगला, पण उपयोग शून्य. ज्यांच्याबरोबर रामानुजननं काम केलं ते ब्रिटिश गणितज्ञ हार्डी पक्के नास्तिक होते, हे मुलाला ठाऊक होतं. नावांच्या याद्या दोन्हीकडून निघतात.

मार्क मात्र खरंच घसरले होते. म्हणून दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. चार रकाने: तारीख, अडलेलं गणित, कोणत्या पायरीवर अडलं, आदल्या रात्रीची झोप. 'का अडलं' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही; तिथे त्यानं 'डोकं नाही' एवढंच लिहिलं असतं. वही भरली तेव्हा दिसलं, की निम्म्याहून जास्त गणितं इंटिग्रेशनच्या एकाच पायरीवर अडत होती, आणि वाद घालत जागवलेल्या रात्रींनंतर साध्या बेरजाही चुकत होत्या.

"आणि देव आहे का?" त्यानं जाता जाता विचारलं. त्याचं उत्तर बुद्ध्यांकाच्या तक्त्यात सापडणार नाही, एवढंच सांगितलं. पुढच्या भेटीला तो इंटिग्रेशनचं पुस्तक घेऊन आला.