ह्युएनत्संगाच्या नंतर कुणी चिनी विद्वान भारतात राहून संस्कृतातून चिनीत भाषांतरं करत होता का? त्याचं आयुष्य कसं होतं?

होता की! आणि तोही अगदी अलीकडे. शू फानचेंग त्यांचं नाव. 1945 ते 1978, म्हणजे तब्बल 33 वर्षं ते भारतात होते, पण आपली गाडी ह्युएनत्संगाच्या पुढे सरकतच नाही.

मी स्वतः भाषांतरावर पोट भरतो, दोन वर्षं चिनीशीही झटापट केली (हरलो), म्हणून या माणसाबद्दल मला जरा जास्तच माया आहे.

जन्म 1909, हुनान प्रांतातलं छांगशा. शिक्षण जर्मनीत, हायडेलबर्गला. परत आल्यावर शांघायमध्ये लू शुन या आधुनिक चिनी साहित्यातल्या मोठ्या लेखकाने पाठीवर हात ठेवला आणि यांनी जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे चिनीत आणला. 1945 ला शांतिनिकेतनात चीनभवनात, म्हणजे तिथल्या चिनी भाषा-संस्कृतीच्या विभागात, शिकवायला आले. 1937 साली सुरू झालेलं हे चीनभवन ज्यांनी उभं केलं, ते तान युनशानही हुनानचेच, म्हणजे परदेशात गाववाला भेटला म्हणायचा. पण 1949 ला मायदेशातलं सरकारच बदललं. शू परतले नाहीत. काशीत संस्कृत पक्कं केलं आणि 1951 पासून पाँडिचेरीचा अरविंद आश्रम. तिथे पगार नाही. राहणं-जेवण आश्रमाचं, काम आपलं. 1962 च्या युद्धानंतर इथल्या कितीतरी चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं, हे लक्षात घेतलं की त्या काळात इथे चिनी असणं म्हणजे काय, ते कळतं.

आता कामाबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यांच्या नावातला 'फान' म्हणजे ब्रह्म. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून हे अक्षर चिनीत रुळलं, आणि संस्कृतलाही चिनीत 'फानवेन'च म्हणतात. 'चेंग' म्हणजे नितळ, निवळलेलं पाणी. असं नाव घेऊन माणूस दुसरं करणार तरी काय?

गीता करताना त्यांनी आजची बोलीभाषा घेतलीच नाही. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या छू देशाच्या (प्राचीन चीनमधलं एक राज्य) गीतांचा घाट घेतला. त्या ओळींत मध्येच एक अक्षर येतं, उच्चार 'शी' (हसू नका). अर्थ काही नाही, नुसता श्वास आणि ठेका. आपल्या ओवीत 'गा' येतो ना, 'अर्जुना गा'मधला, साधारण तसं. आणि हुनान म्हणजे जुन्या छू देशाचाच मुलूख. म्हणजे गीता त्यांनी आपल्या घरच्या चालीवर बसवली. तरुण चिनी वाचकाला ती जड जाते, ही तक्रार रास्तच आहे. तरी मला त्यांचा निर्णय पटतो. संस्कृत श्लोक वर्तमानपत्राच्या भाषेत आणला की अर्थ उरतो, पण म्हणावासा वाटत नाही.

'मेघदूत'ही त्यांनी केलं. पाँडिचेरीत राहून कन्फ्यूशियसच्या विचारांवर इंग्रजीत लिहिलं, म्हणजे वाहतूक दोन्ही बाजूंनी.

परतले तेव्हा वय 69. बेजिंगच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीत रुजू झाले. 50 उपनिषदांचं भाषांतर छापून आलं ते 1984 ला. नंतर लाओत्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथावर लिहायला घेतलं, आधाराला त्या ग्रंथाच्या रेशमी कापडावरच्या जुन्या प्रती. त्या 1973 मध्ये जमिनीतून निघाल्या होत्या, खुद्द छांगशात. हे तेव्हा पाँडिचेरीत!