छतावरून लोंबणाऱ्या त्या तारा: उष्णतेने केस कायमचे कुरळे करणारी जुनी यंत्रे

आपण दिलेल्या छायाचित्रात खुर्चीवर बसलेल्या एका स्त्रीच्या डोक्यावर गोल कडे टांगलेले आहे, त्या कड्यातून वीस-पंचवीस तारा खाली आल्या आहेत आणि प्रत्येक तारेच्या टोकाशी केसांच्या एकेका बटेवर नळी बसवलेली आहे. हे केस वाळवण्याचे यंत्र आहे का, त्याने केस खरोखरच कायमचे कुरळे होत का, बसणाऱ्या बाईला इजा होत नसे का आणि याचा शोध नेमका कोणी लावला (मार्जोरी जॉयनर यांनीच का), असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. मी गेली अठ्ठावीस वर्षे केशरचनेचा व्यवसाय करते आणि त्यातली सोळा वर्षे हे काम मुलींना शिकवतेही आहे. विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

हे वाळवण्याचे यंत्र नाही. पर्मिंगचे, म्हणजे केसांना टिकाऊ कुरळेपणा देण्याचे हे विजेवरचे यंत्र आहे. त्याच्याही आधी पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशरचनाकाराने 1872 च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने केसांत सुंदर लाटा पाडण्याची पद्धत रूढ केली होती आणि ती ‘मार्सेल वेव्ह’ म्हणून जगभर गाजली. पुष्कळ लेखांत या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. मार्सेलचा चिमटा कोरड्या केसावर चाले आणि त्याची लाट केस धुतले की जाई. आपल्या चित्रातल्या यंत्राने पाडलेला कुरळेपणा मात्र कितीही वेळा न्हाले तरी जात नसे. हा फरक कशामुळे पडतो ते समजले की यंत्राची बाकीची रचना आपोआप उलगडते.

रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपले आणि सकाळी ती सोडली, तर केस छान लहरदार दिसतात, हा आपल्याकडच्या प्रत्येक घरातला अनुभव आहे. पावसाळी दमट हवेत बाहेर पडले की त्या लहरी तासाभरात ओसरतात, हाही अनुभव तितकाच जुना. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे काही बंध नाजूक असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस सुकताना नव्या जागी पुन्हा बसतात. वेणीची लहर एवढ्यावरच उभी असते. परंतु केसाचा मूळ आकार टिकवून धरणारे बंध गंधकाचे असतात, दोन साखळ्यांमध्ये गंधकाच्या दोन अणूंनी घातलेला जणू टाकाच, आणि त्यांच्यावर साध्या पाण्याचा काहीही परिणाम होत नाही. ते उसवण्यासाठी त्या काळी अल्कली, म्हणजे सोड्यासारखे क्षारी द्रव्य, आणि वाफ यांची जोड लागे. केस हव्या त्या आकारात गुंडाळलेला असताना हे टाके उसवले आणि त्याच अवस्थेत नवे पडले, तर तो केस पुढे त्याच आकारात राहतो. उष्णता आणि अल्कली यांच्या या क्रियेत काही ठिकाणी दोनऐवजी एकाच गंधकाचा नवा बंध तयार होतो आणि तो सहजासहजी पुन्हा उसवत नाही. म्हणून जुन्या उष्ण पर्मचा कुरळेपणा इतका चिवट असे. अर्थात हे सगळे डोक्यावर असलेल्या केसापुरतेच. मुळाशी नवा येणारा केस जन्मतः जसा असेल तसाच येतो आणि तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटरने वाढतो, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा खुर्चीत बसावे लागे.

हे प्रथम व्यवहारात उतरवण्याचे श्रेय कार्ल लुडविग नेस्लर याच्याकडे जाते. त्याचा जन्म 1872 साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील टॉटनाऊ या गावी झाला. लहानपणी मेंढ्या राखताना मेंढीची लोकर पावसातही कुरळी राहते आणि माणसाचा केस मात्र राहत नाही, याचे त्याला नवल वाटे, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. केस कापण्याचे काम शिकून तो स्वित्झर्लंड आणि पॅरिसमार्गे लंडनला पोहोचला आणि तेथे त्याने चार्ल्स नेस्ले हे नाव घेतले. (दूध पावडर आणि चॉकलेटच्या कंपनीशी या नावाचा काहीही संबंध नाही, माझ्या विद्यार्थिनी हा प्रश्न दर वर्षी विचारतात.) पहिले प्रयोग त्याने पत्नी कॅथरिना लाइब्ले हिच्या केसांवर केले. त्यांतल्या पहिल्या दोन खेपांना तिचे केस जळून गेले आणि टाळूही भाजली. तरीही ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. या शोधाचा इतिहास सांगताना तिचे नाव ओझरते घेऊन पुढे जाणे मला कधीच पटलेले नाही, कारण ती बसली नसती तर पुढचे काहीही घडले नसते.

1909 पर्यंत नेस्लरचे विजेचे यंत्र लंडनमध्ये लांब केसांवर वापरले जाऊ लागले होते. त्याची रचना जरा जवळून पाहण्यासारखी आहे. केसांचे लहान लहान भाग करून प्रत्येक भाग रसायनात भिजवीत आणि मुळाकडून टोकाकडे मळसूत्रासारखा दांडीवर गुंडाळीत. त्याभोवती विजेने तापणारा पितळी भाग बसे. असे एक नग सुमारे 900 ग्रॅम वजनाचे असे आणि एका वेळी बाराच्या आसपास नग लागत. म्हणजे दहा किलोंच्या वर ओझे झाले, आणि तेही 100 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेले! हे ओझे मानेवर येऊ नये आणि तापलेले पितळ टाळूला टेकू नये, यासाठी वर झुंबरासारखा सांगाडा टांगून त्यावरून प्रत्येक नग उलट वजनाने तोलून धरीत. आपल्या चित्रातील गोल कडे त्या झुंबराचेच पुढचे रूप आहे. या सगळ्याला सहा तास लागत. भारावर भार देऊन पितळ तोलणारी ही योजना मला त्या यंत्रातला सर्वांत बुद्धिमान भाग वाटते, कारण केस तापवणे त्या काळातही अवघड नव्हते. केस तापवायचा आणि त्याच्या मुळाशी, बोटभर अंतरावर असलेली कातडी थंड ठेवायची, ही खरी अडचण होती आणि पुढची तीस वर्षे यंत्रांत जे जे बदल झाले, ते बहुतेक याच अडचणीभोवती फिरत राहिले.

रसायनाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. काही ठिकाणी नेस्लर गोमूत्र आणि पाणी वापरीत असे म्हटले आहे, तर काही ठिकाणी कॉस्टिक सोडा. ऐकायला दोन्ही परस्परविरोधी वाटतात, पण दोहोंमागचा रासायनिक हेतू एकच आहे. शिळ्या मूत्रात अमोनिया तयार होतो आणि तोही कॉस्टिक सोड्यासारखा अल्कलीच असतो. पुढच्या काळात टाकणखार, अमोनिया अशा सौम्य अल्कली आल्या आणि केस जळण्याचे प्रमाण घटले.

पहिल्या महायुद्धात जर्मन असल्यामुळे नेस्लरला ब्रिटनमध्ये राहणे अशक्य झाले आणि 1915 मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. तेथे त्याच्या यंत्राच्या नकला आधीच सर्रास वापरात असलेल्या त्याला आढळल्या. तरी त्याने न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले, पुढे इतर शहरांत शाखा काढल्या आणि घरी वापरायचा संचही 15 डॉलरला विकला. 1929 च्या मंदीत त्याची बरीच संपत्ती गेली. 1951 मध्ये न्यू जर्सीत त्याचे निधन झाले.

इकडे लंडनमध्ये यूजीन सूटर या केशरचनाकाराला अधिक हलके साधन हवे होते. इसिदोरो काल्वेते नावाच्या स्पॅनिश कारागिराने 1917 मध्ये त्याच भागात विजेची उपकरणे दुरुस्त करण्याची आणि बनवण्याची कर्मशाळा काढली होती. त्याने ॲल्युमिनियमच्या लहान नळीत तारेची दोन वेटोळी बसवून एक सुटसुटीत तापक तयार केला. गुंडाळलेल्या केसावर ती नळी टोपणासारखी सरकवायची, की झाले. जड पितळाची जागा हलक्या ॲल्युमिनियमने घेतली आणि यंत्राचे सगळे रूपच पालटले. पेटंट मात्र सूटरने स्वतःच्या नावे घेतले आणि ‘यूजीन’ हे नाव जगभर पर्मचे दुसरे नाव होऊन बसले. काल्वेतेने पुढे आपली वेगळी कंपनी काढली, पण आज त्याचे नाव आमच्या व्यवसायातल्या लोकांनाही ठाऊक नसते. आपल्या चित्रातल्या नळ्या याच वळणाच्या आहेत, म्हणून हे जरा तपशिलाने लिहिले.

यानंतरचा मोठा बदल फॅशनमुळे आला. 1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांनी केस मानेपर्यंत कापले आणि नेस्लरची मळसूत्री पद्धत अडचणीत आली. वर्गात हे दाखवण्यासाठी मी केसांचे दोन झुपके घेते, एक हातभर लांब आणि दुसरा वीतभर. लांब झुपका मुळाकडून टोकाकडे गुंडाळला की दांडीवर सात-आठ वेढे सहज बसतात. आखूड झुपक्याचे जेमतेम दोन-तीन वेढे होतात आणि टोक सारखे निसटून हातात येते. तोच आखूड झुपका टोकापासून सुरुवात करून मुळाकडे आडवा गुंडाळत नेला की टोक आत दडते, गुंडाळी डोक्यालगत आडवी बसते आणि सुटत नाही. कार्ल्सबाडचा चेक केशरचनाकार योसेफ मायर याने 1924 मध्ये ही पद्धत पुढे आणली आणि तिला ‘क्रोकिन्योल’ म्हणतात. आजही पार्लरमध्ये रोलर लावताना आम्ही केस टोकाकडूनच गुंडाळतो, तो याच पद्धतीचा वारसा आहे. मात्र गुंडाळी डोक्याला लागून बसू लागल्याने तापकही टाळूच्या अगदी जवळ आला. म्हणून मुळाशी फेल्ट आणि रबराच्या चकत्या घालून वर चपटे चिमटे बसवण्याची काळजी घ्यावी लागली.

आता मार्जोरी स्ट्युअर्ट जॉयनर यांच्याविषयी, कारण आपण त्यांचे नाव आवर्जून विचारले आहे. 1896 साली व्हर्जिनियात जन्मलेल्या जॉयनर या शिकागोच्या ए. बी. मोलर सौंदर्यशाळेतून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. पुढे त्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी केशप्रसाधने बनवणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांच्या कंपनीत मोठ्या पदावर पोहोचल्या. मांसाचा मोठा तुकडा आतून लवकर शिजावा म्हणून त्यात सळया खुपसतात, हे पाहून त्यांना कल्पना सुचली आणि त्यांनी अशा सोळा दांड्या केस वाळवण्याच्या टोपाला जोडल्या. 27 नोव्हेंबर 1928 रोजी त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. पर्मचे यंत्र सर्वप्रथम त्यांनीच बनवले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही, कारण तोपर्यंत अशी यंत्रे जवळजवळ वीस वर्षे चालू होती. परंतु त्यांचे काम त्यामुळे लहान ठरत नाही. त्यांच्या यंत्राने दाट कुरळे केस सरळ करून बराच काळ तसेच ठेवता येत आणि सरळ केसांना कुरळेपणाही देता येई. टाळू भाजू नये म्हणून त्यांनी वेगळे संरक्षक साधनही तयार केले. पेटंटचे हक्क कंपनीकडे राहिल्याने त्यांना त्यातून जवळजवळ काहीच पैसा मिळाला नाही. 1994 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी त्या वारल्या.

इजेचा प्रश्न रास्त आहे. टाळू भाजणे, केस मुळाशी तुटणे हे प्रकार त्या काळी होत असत आणि तारांना जखडलेल्या बाईला मध्येच उठताही येत नसे. उष्णता केसाला किती वेळ मिळाली यावर सारे अवलंबून असे आणि ते कारागिराच्या अनुभवावर चाले. हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. साधारण बारा वर्षांपूर्वी मी एका संस्थेत डिजिटल पर्मचे प्रशिक्षण घेत होते. त्यातही गरम दांड्या तारांनी यंत्राला जोडलेल्या असतात आणि प्रत्येक दांडीखाली इन्सुलेशनची गादी ठेवावी लागते. तेथील एक गादी वापरून वापरून पातळ झाली होती आणि मी ती न तपासता लावली. समोर बसलेल्या मुलीने ‘कानामागे चटका बसतोय’ असे म्हणेपर्यंत तेथे रुपयाएवढा लाल डाग उठला होता. तो दोन आठवड्यांत बरा झाला, पण तेव्हापासून प्रत्येक गादी मी आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहते आणि विद्यार्थिनींनाही तेच करायला लावते. आजच्या यंत्रात तापमान आपोआप आटोक्यात राहते. नेस्लरच्या काळी तेवढाही आधार नव्हता.

ही यंत्रे मागे पडली ती रसायनशास्त्रामुळे. 1930 च्या दशकात प्रथम तारा गेल्या. चिमटे आधी वेगळे तापवून मग डोक्यावर लावीत, किंवा रसायन भरलेल्या छोट्या पुड्या वापरीत. त्या ओल्या झाल्या की चुनकळीवर पाणी पडल्यासारख्या आपोआप तापत. 1938 मध्ये आर्नोल्ड विलाट याने उष्णता अजिबात न वापरता खोलीच्या तापमानाला होणारी ‘कोल्ड वेव्ह’ आणली आणि त्यानंतर थायोग्लायकोलेट या रसायनाचा वापर सर्वत्र पसरला. गंधकाचे टाके उसवायला वाफेची गरजच उरली नाही. टाके उसवल्यावर ते हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या न्यूट्रलायझरने पुन्हा घालतात. पर्म करताना पार्लरमध्ये जो उग्र वास येतो, तो याच थायोग्लायकोलेटचा आणि अमोनियाचा.

शेवटी आपल्या छायाचित्राच्या काळाबद्दल. लांब केस आणि डोक्यापासून दूर उभ्या राहिलेल्या नळ्या दिसल्या तर मळसूत्री पद्धत समजावी आणि चित्र बहुधा 1924 च्या आधीचे धरावे. आखूड केस आणि डोक्यालगत आडवे बसलेले चपटे चिमटे असतील तर ते त्यानंतरचे. तारा नाहीतच आणि नुसते चिमटे आहेत, असे असेल तर 1930 चे दशक. आपल्या चित्रातील नळ्या उभ्या आहेत, पण कपाळावरचे केस आखूड कापलेले वाटतात. काही कारागीर एकाच डोक्यावर दोन्ही पद्धती वापरीत, वरचे लांब केस मळसूत्री आणि मानेवरचे आखूड केस क्रोकिन्योल, त्यामुळे केवळ नळ्या पाहून मी ठाम सांगू शकत नाही. मानेमागचा भाग स्पष्ट दिसेल असे त्याच चित्राचे मोठे रूप आपल्याकडे असल्यास कृपया येथे जोडावे. तेथील गुंडाळी कोणत्या बाजूने सुरू झाली आहे ते दिसले की काळ बराच नेमका सांगता येईल.