एच-बीटा आधी दुरुस्त कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आषाढात कोल्हापुरात आकाश दिसत नाही, पन्हाळा तर धुक्यातच बुडालेला. त्यानं दीर्घिकांमधला ऑक्सिजन मोजायचं तुझं काम अडत नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे दीर्घिकांचे वर्णपट फुकट मिळतात. साधा लॅपटॉप आणि पायथन पुरे.

दीर्घिकेतला ऑक्सिजन मोजतात तो तरुण ताऱ्यांनी तापवलेल्या वायूच्या उत्सर्जन रेषांवरून, म्हणजे वर्णपटातल्या ठरावीक तरंगलांबीच्या उजळ रेषांवरून; त्यांच्या गुणोत्तरांतून ऑक्सिजन काढायची सूत्रं आहेत. केंद्रातल्या कृष्णविवरामुळे रेषा उजळल्या असतील तर ही सूत्रं लागू पडत नाहीत, म्हणून आधी बीपीटी आकृतीत (रेषांच्या गुणोत्तरांवरून वायू कशानं तापला ते ओळखणाऱ्या आलेखात) तपास. स्लोनच्या तरंगलांबी निर्वातातल्या असतात: रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणानं तरंगलांबीत पडलेली वाढ) काढल्यावर ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक अब्जांशाचा दहावा भाग) रेषा ५००८.२ वर सापडेल. तिचं ऑक्सिजनच्याच ४९५९ च्या रेषेशी गुणोत्तर ३ च्या आसपास आलं नाही, तर चूक तुझ्या फिटिंगची.

खरी मेख एच-बीटात, म्हणजे हायड्रोजनच्या ४८६१ च्या रेषेत आहे. ताऱ्यांच्या प्रकाशात त्याच जागी शोषण रेषा असते आणि ती उत्सर्जन गिळते. उत्सर्जनाची समतुल्य रुंदी (पार्श्वभूमीच्या तुलनेत रेषेची ताकद) ५ अँगस्ट्रॉम आणि शोषणाची २ असेल, तर हाती ३ च लागतात. हायड्रोजनचीच लाल रेषा एच-अल्फा बहुधा ठळक असते, तिला फारसा धक्का लागत नाही. मग दोन्हींचं गुणोत्तर, जे धूळ नसताना २.८६ असायला हवं, उगाच फुगतं. तू ती धूळ समजतेस आणि सुधारणा जास्त लावतेस; ती निळ्याकडे वाढत जात असल्यानं ३७२७ ची ऑक्सिजन रेषा सर्वांत जास्त फुगते. म्हणून ताऱ्यांचं मॉडेल आधी वजा कर, रेषा नंतर मोज. सरळ रेघ मारून पार्श्वभूमी काढायचा आळस इथे महागात पडतो.

सुरुवातीला नायट्रोजनचं सूत्र सोपं. नायट्रोजनची ६५८४ ची रेषा भागिले एच-अल्फा ०.२ आलं, तर लॉग −०.७, पेटिनी-पेजल (२००४) यांच्या ८.९० + ०.५७ × लॉग या सूत्रानं ८.५० (हे माप म्हणजे १२ + ऑक्सिजन-हायड्रोजन अणूंच्या गुणोत्तराचा लॉग). सूर्य ८.६९, म्हणजे ऑक्सिजन सूर्याच्या साधारण ६५ टक्के. दोन रेषा शेजारी असल्यानं धुळीचा त्रास जवळपास नाही. मात्र सूर्याइतक्या समृद्ध वायूत हे सूत्र थकतं. आणि एका सूत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नकोस. सूत्रांसूत्रांत पाचपटीपर्यंत फरक पडतो.

ऑक्सिजनची ४३६३ ची रेषा मिळाली तर वायूचं तापमान थेट काढता येतं, पण ती फार क्षीण. वेब अवकाश दुर्बिणीनं ती रेडशिफ्ट ८ च्या आसपासच्या, अतिदूरच्या दीर्घिकांतही टिपली आहे. स्लोनच्या एकेका वर्णपटात मात्र ती बहुधा गोंगाटातच हरवते.

पहिल्या खेपेला रेडशिफ्ट ०.०५ ते ०.१ मधल्याच दीर्घिका घे. त्याहून जवळच्यांत स्लोनचा प्रकाश गोळा करणारा ३ आर्कसेकंदांचा फायबर फक्त समृद्ध गाभाच पाहतो. फिटचे आलेख उरलेल्या गोंगाटासकट पाठव, नुसते आकडे नकोत.

कळावे.