पहिल्याच महिन्यात सोडू नकोस

पाय चुकतात म्हणून नाचाचा क्लास सोडायचा म्हणतोयस? अरे, पहिले तीन-चार आठवडे सगळ्यांचंच असं होतं. मी तर उजवीकडे वळायचं तेव्हा हमखास डावीकडे वळून शेजारच्याला धडकायचो.

खरं तर ही गडबडच कामाची. पुढची स्टेप आठवायची, ठेका ऐकायचा, शेजारच्याला सांभाळायचं, आणि हे सगळं एकाच वेळी! मेंदूला एवढं काम ट्रेडमिल देत नाही. 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 75 वर्षांवरच्या 469 जणांचा अभ्यास आला होता. त्यात शारीरिक हालचालींपैकी फक्त नाच करणाऱ्यांमध्येच स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. नाचामुळेच ते टळलं असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेव.

दम, तोल, गुडघ्यांतली ताकद हे ओघानं येतंच. पण मी टिकलो तो सगळ्यांची टाच एकदम जमिनीवर पडते त्या आवाजासाठी.

सध्या आरशात बघू नकोस. आधी नुसता ठेका पकड, हात नंतर. आणि गुडघे किंचित वाकलेले ठेव, ताठ पायांनी उड्या मारल्यास तर आठवड्यात बसशील घरी.