'फूमा' म्हणजे जावई का? आणि तिच्या तोंडी 'मी आलो' की 'मी आले'?

प्रश्न असा आहे: दोन स्त्रियांच्या प्रेमाची एक मोठी चिनी ऐतिहासिक कादंबरी मराठीत आणायची आहे. नायिका पुरुषवेषात दरबारात शिरते, सम्राट तिचा विवाह राजकन्येशी लावून देतो आणि ती 'फूमा' होते. या 'फूमा'ला मराठी शब्द कोणता? आणि वेषांतर उघडं पडेपर्यंत तिच्या तोंडी कोणतं क्रियापद घालायचं?

आधी शब्द. 'फूमा'तला 'मा' म्हणजे घोडा. 'फू' म्हणजे रथाच्या मुख्य घोड्यांच्या जोडीला ठेवलेला जादा घोडा. हान घराण्यातल्या सम्राट वूने (राज्यकाल इ.स.पू. १४१ ते ८७) 'फूमा दूवेई' हे पद निर्माण केलं. सम्राटाच्या लवाजम्यातल्या जादा रथांचे घोडे या अधिकाऱ्याच्या ताब्यात असत. जिन मीदी हा श्योंगनू या उत्तरेकडच्या भटक्या लोकांचा राजपुत्र या पदावर होता आणि तो सम्राटाचा जावई नव्हता. पुढे वेई आणि जिन राजवटींत, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, राजकन्येच्या नवऱ्याला हे पद देण्याचा रिवाज पडला. कालांतराने घोड्यांचं काम गेलं आणि पदवी उरली. चिटणीस, पोतनीस ही आडनावं वापरणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे 'फूमा' हा नात्याचा शब्द नाही, हुद्द्याचा आहे. 'जावई' लिहिलं की पहिला घोटाळा इथेच होतो. मराठी जावई सासरी मानाचा. त्याला पाट, चांदीचं ताट, अधिकमासात वाण. 'जामाता दशमो ग्रहः' हे सुभाषित त्याच्या पूजेच्या हव्यासावरच रचलेलं आहे. चिनी फूमा नेमका उलट्या बाजूला उभा असतो. तो राजकन्येपुढे वाकतो, स्वतःला 'चेन' म्हणजे सेवक म्हणवतो, आणि दरबाराने राजकन्येला दिलेल्या वाड्यात राहतो. 'जावईबापू' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे रुसून बसलेला पाहुणा येतो, हात जोडून उभा असलेला अधिकारी येत नाही.

'घरजावई' तर अजिबात नको. त्याला चिनीत 'झुइश्यू' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्यात आपल्यासारखाच हलकेपणा आहे. एखादं पात्र फूमाला टोमणा म्हणून 'झुइश्यू' म्हणत असेल, तर तिथे 'घरजावई' चपखल बसेल. आधीच वापरून टाकलात तर त्या टोमण्यासाठी हाताशी शब्द राहणार नाही. 'राजजामात' अर्थाने बरोबर आहे, पण कादंबरीभर दर पानावर तो जिभेला जड होतो, आणि राजकन्येला प्रेमाने हाक मारायला तो निरुपयोगी. अशा चिनी कादंबऱ्यांत राजकन्या एकांतातही 'फूमा' अशीच हाक मारते. कधी थंडपणे, कधी लाडाने. सगळी गंमत त्या एका शब्दाचा स्वर बदलण्यात असते.

म्हणून 'फूमा'च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच अर्थ उलगडा: 'राजकन्येशी विवाह होताच तिला फूमा ही पदवी मिळाली.' तळटीप नको. शब्द चालवताना एक काळजी घ्या. तो आकारान्त पुल्लिंगी असला तरी घोडा-घोड्याला या वळणाने 'फूम्याला' करू नका. मामा, काका यांच्यासारखा चालवा: फूमाला, फूमाचा, आदराने फूमांना, फूमांनी. कथानक चिंग या शेवटच्या राजवटीच्या काळातलं असेल तर शब्दच बदलतो. तिथे सम्राटाच्या जावयाची अधिकृत पदवी 'एफू' होती. तेव्हा कादंबरी कोणत्या राजवटीत घडते, की लेखिकेने राजवट काल्पनिक ठेवली आहे, हे आधी पाहून घ्या. काल्पनिक असेल तर 'फूमा' निर्धोक.

स्त्री फूमा ही कल्पना चिनी वाचकाला नवी नाही. हुआंगमेई संगीतनाट्यातलं 'न्यू फूमा' सर्वश्रुत आहे. यान फेंगयिंगची मुख्य भूमिका असलेला त्याचा चित्रपट १९५९ सालचा. त्यातली फेंग सूजेन वाग्दत्त वराला सोडवण्यासाठी पुरुषवेषात परीक्षा देते, पहिली येते आणि राजकन्येशी तिचं लग्न लागतं. 'न्यू' म्हणजे स्त्री. आजच्या कादंबरीकार हाच साचा घेतात. फरक इतकाच की तिथे कुठला वाग्दत्त वर नसतो, आणि लग्नाच्या रात्रीपासून खरी गोष्ट सुरू होते.

लग्नाच्या क्रियापदाकडेही लक्ष द्या. साधा पुरुष बायको करतो तेव्हा चिनीत 'च्यू' म्हणतात. त्या अक्षरात वर 'घेणे' आणि खाली 'स्त्री' आहे. राजकन्येच्या बाबतीत ते चालत नाही. तिथे 'शांग', म्हणजे वर पाहणे, मान देणे. म्हणून 'तिने राजकन्येला बायको करून आणलं' हे भाषांतर अर्थाने उलटं होतं. 'राजकन्येशी तिचा विवाह लावून देण्यात आला' हे बरोबर. ही उतरंड केवळ शब्दांत नव्हती. थांग सम्राट ताईझोंगची मुलगी नानपिंग ही वांग ग्वेई या मंत्र्याच्या घरी सून म्हणून आली, तोपर्यंत राजकन्या सासू-सासऱ्यांपुढे सुनेचे विधी करत नसत. वांग ग्वेई नवरा-बायकोने आसनावर बसून ते विधी तिच्याकडून करवून घेतले, आणि त्याची नोंद इतिहासात राहण्याइतकी ती गोष्ट मोठी ठरली.

आता क्रियापदाचा प्रश्न. हा शब्दापेक्षा अवघड आहे, आणि मराठीची खरी ताकद इथेच कामी येते.

चिनीत क्रियापदाला लिंग नाही. तो, ती दोन्हींचा उच्चार 'ता' असाच. स्त्रीसाठी वेगळं 'ता' अक्षर लिहिण्याचा आग्रह ल्यू बाननोंग यांनी १९२० च्या सुमारास धरला आणि ते रुळलं. त्यामुळे आजच्या कादंबरीत निवेदन स्त्रीचं 'ता' लिहितं आणि फसलेल्या पात्राच्या तोंडी पुरुषाचं 'ता' येतं. कानाला दोन्ही एकच. इंग्रजीतून वाचणाऱ्याला हा भेद सर्वनामापुरता दिसतो. मराठीत मात्र 'मी आलो' म्हणताक्षणी बोलणाऱ्याने बाजू घेतलेली असते.

वाचकाला पहिल्या पानापासून सत्य माहीत असेल तर नियम साधा ठेवा. निवेदनात कायम 'ती', लोकांसमोर तिच्या तोंडी 'मी आलो', फसलेल्या पात्रांच्या तोंडी 'ते आले'. 'ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "मी उद्या येतो."' अशा वाक्याला वाचक एका प्रकरणात सरावतो. कोल्हापूरकडे बायका-मुली सहज 'मी जातो, मी आलो' म्हणतात. त्या भागातल्या वाचकाला एवढ्याने वेषांतर जाणवणार नाही. तिथे अधूनमधून 'एकटा', 'दमलेला' अशी विशेषणं घालून पुरुषी रूप पक्कं करा.

वाचकापासूनही सत्य लपवायचं असेल तर मराठीत लिंग न सांगता बरंच बोलता येतं. भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे: मी येईन, तू येशील. 'मी आहे', 'मी नाही' निर्धोक. 'मी होतो' किंवा 'मी होते' घात करतं. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या लिंगाने चालतो, म्हणून 'मी पत्र लिहिलं', 'मी पाहिलं' यांतून काही कळत नाही. 'मला जायचंय', 'मला वाटलं' हेही तसंच. समोरच्याला 'तुम्ही आलात', 'तुम्ही येता' म्हटलं की लिंग झाकलं जातं; 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांत ते उघडं पडतं. 'अरे' आणि 'अगं' दोन्ही टाळा. 'अहो' दोघांनाही चालतं.

काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याच्या लिंगाने चालतात आणि नेमकी तीच दगा देतात: बोलणे, विसरणे, भेटणे, शिकणे, म्हणणे. 'मी विसरलो' ऐवजी 'माझ्या लक्षात राहिलं नाही', 'मी म्हणालो' ऐवजी 'मी म्हटलं', 'मी त्यांना भेटलो' ऐवजी 'त्यांची भेट झाली'. 'मी एकटा होतो' ऐवजी 'सोबत कोणी नव्हतं'. ही कसरत दोन-तीन प्रकरणं छान दिसते. त्यापुढे वाक्यं आखडतात, सगळी पात्रं कर्मणी प्रयोगात बोलू लागतात आणि वाचकाला काहीतरी दडवलं जातंय याचा वास येतो. शेकडो प्रकरणांच्या कादंबरीत ती ओढू नका.

'स्वारी' हा शब्द विसरू नका. 'फूमांची स्वारी आली' असं नोकर म्हणतो तेव्हा क्रियापद स्त्रीलिंगी आहे, आणि कुणालाही शंका येत नाही, कारण पुरुषाच्या स्वारीलाही आपण 'आली'च म्हणतो. मूळ चिनीत नसलेली ही सोय मराठी आपल्याला फुकट देते. फक्त ती नोकरांच्या आणि भालदारांच्या तोंडीच ठेवा. राजकन्येच्या तोंडी 'तिकडची स्वारी', 'इकडून येणं झालं' हे पेशवाईतल्या घरातलं वळण आणलंत तर ती नवऱ्याला वचकून असलेली बायको वाटेल, आणि इथे वरचढ ती आहे.

आता राजकन्या स्वतःला काय म्हणते? चिनीत 'बनगोंग', शब्दशः 'हा महाल'. मराठीत 'आम्ही' सहज बसतं: 'आम्ही आलो', 'आम्ही येतो', ज्यात लिंगही कळत नाही. गंमत अशी की ज्या राजकन्येला लपवायचं काही नाही तिला हा आडोसा मिळतो, आणि जिला गरज आहे त्या फूमाला मिळत नाही, कारण राजकन्येपुढे फूमाने 'आम्ही' म्हणणं हा उर्मटपणा ठरेल. तिथे जुन्या मराठी पत्रांतलं 'सेवक' वापरा: 'सेवकाची विनंती आहे'.

'आम्ही' कोणाला द्यायचं हे ठरवण्यापूर्वी शेवटचं प्रकरण वाचून घ्या. सम्राटाचं स्वतःसाठीचं सर्वनाम 'झेन' हे इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी ह्वांगने फक्त सम्राटासाठी राखून ठेवलं. त्याआधी ते कुणीही वापरत असे. या प्रकारच्या कादंबऱ्यांत राजकन्या शेवटी स्वतः सिंहासनावर बसते, असं पुष्कळदा घडतं. त्या दिवशी 'बनगोंग' जाऊन 'झेन' येतं आणि चिनी वाचकाच्या अंगावर काटा येतो. तुम्ही राजकन्येला पहिल्यापासून 'आम्ही' दिलं असेल तर त्या दिवशी तिच्या भाषेत काहीच बदलणार नाही. शेवट असा असेल तर 'आम्ही' फक्त सिंहासनासाठी राखा, राजकन्येला ताठ 'मी' द्या. शेवट तसा नसेल तर 'आम्ही' तिलाच द्या, म्हणजे एकांतात ती पहिल्यांदा 'मी' म्हणेल तेव्हा ते जाणवेल.

तोच हिशेब फूमाचा. राजकन्येशी बोलताना आपण, मग तुम्ही, मग तू अशी पायरी-पायरीने उतरण ठेवा. आणि 'मी आले' हे रूप अजिबात आधी खर्चू नका. राजकन्येला सत्य कळल्यावर, दार बंद असताना, फूमाने पहिल्यांदा 'मी आले' म्हणावं. चिनीत या जागी लेखिकेला 'चेन' सोडून साधं 'वो' म्हणजे 'मी' वापरण्यापलीकडे भाषेची मदत नाही. मराठीत ते काम एक मात्रा करते. बाहेर पडल्यावर पुन्हा 'आलो', हेही कसोशीने पाळा. मोठ्या भाषांतरात इथेच चुका होतात. प्रत्येक प्रवेशापुढे कोण उपस्थित आहे आणि कोणाला काय ठाऊक आहे, याची यादी ठेवली तर त्या टळतात.

एका परिच्छेदात दोन 'ती' आल्या की चिनीतही गोंधळ होतो. मराठीत 'आपला' मदतीला येतो. 'तिने आपला हात तिच्या हातात दिला' यात कुणाचा हात कुणाच्या हातात, हे स्पष्ट आहे. 'तिने तिचा हात' लिहिलंत तर सोय गेली. राजकन्येसाठी निवेदनात आदरार्थी 'त्या' वापरण्याचा मोह होईल. दरबारी प्रसंगांत तो ठीक आहे, पण जवळिकीच्या प्रसंगात 'त्या' ठेवलंत तर निवेदकच दोघींच्या मध्ये उभा राहतो.

शेवटी 'जिएजिए'. शब्दकोशात थोरली बहीण. चिनीत प्रेमातली धाकटी थोरलीला सर्रास ही हाक मारते, आणि तिच्यात आर्जव असतं, लाडीगोडी असते. याचं 'ताई' केलंत तर मराठी वाचकासाठी प्रेमकथा त्याच ओळीत संपेल, कारण आपल्याकडे 'ताई' म्हटलं की बहिणीचं नातं पक्कं झालं. 'जिएजिए' तसंच ठेवा, निदान पहिल्या काही वेळा. पुढे जिथे वयाचा फरक महत्त्वाचा नाही तिथे 'सखे' चालेल. मैत्रिणीलाही हीच हाक आणि प्रेयसीलाही हीच, त्यामुळे ऐकणाऱ्या तिसऱ्याला संशय येत नाही. मात्र गाण्यांनी तो शब्द फार घासलेला आहे, म्हणून एका प्रकरणात एकदाच. आणि दोघींचं खाजगी नाव, म्हणजे फक्त घरच्यांनी घ्यायचं नाव, कादंबरीत पहिल्यांदा येईल तिथे त्याच्या मागेपुढे कुठलीही उपाधी लावू नका.