विद्यापीठ पाहून आलो आणि मन खट्टू झालं

प्रश्न : मुलगी यंदा सीबीएसईतून बारावी झाली. तिला भौतिकशास्त्रच करायचं आहे. सीयूईटी या सामायिक प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर दुसऱ्या शहरातल्या एका राज्य विद्यापीठात पाच वर्षांच्या एम.एससी.च्या यादीत तिचं नाव लागलं. त्याआधी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी ते पाहून आलो होतो. प्रयोगशाळेला कुलूप, मुलींच्या होस्टेलच्या भिंतींना ओल, जिन्यात कुत्री झोपलेली. खिडकीवरच्या बाबूंनी मान वर न करता 'वेबसाइट पाहा' एवढंच सांगितलं. परतीच्या गाडीत मुलगी रडत होती. इथे होळकर कॉलेजातही अर्ज भरलेला आहे. तिचे बाबा म्हणतात, घरचं काय वाईट? तिकडची फी भरायला आठ दिवस उरलेत. काय करावं?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तुम्ही जे पाहिलंत त्यातलं काही जूनमुळे होतं आणि काही बाराही महिने तसंच राहणार आहे. आधी ते वेगळं करू.

प्रयोगशाळेचं कुलूप मनावर घेऊ नका. प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या की उपकरणं कपाटात जातात, लॅब असिस्टंट रजेवर जातात, आणि किल्ली विभागप्रमुखांकडे असते. जूनमध्ये चांगल्या विभागातही हेच दिसतं. ओलीचं मात्र तसं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत भिंतीला दिसणारी ओल बहुधा पावसाची नसते. ती वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची, गळक्या पाइपाची किंवा टाकीची असते, आणि ती दिवाळीतही तिथेच राहते. वॉर्डनना फोन करून एवढंच विचारा : पहिल्या वर्षाच्या मुलींना कोणता मजला मिळतो, न्हाणीघराला लागून नसलेली खोली मागता येते का, आणि होस्टेलची जागा प्रवेशासोबत नक्की होते की नंतर वेगळी यादी लागते. हा शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत. मग ऑगस्टमध्ये भाड्याची खोली शोधत फिरायची वेळ येते.

खिडकीवरच्या बाबूंशी मुलीचा संबंध वर्षातून तीन-चार वेळा येईल. फी, परीक्षा फॉर्म, मार्कशीट. त्यांच्या बोलण्यावरून विद्यापीठ नाकारू नये. पण परीक्षा विभागाचं कामही असंच सुस्त असेल तर ती मोठी गोष्ट आहे, आणि ते घरबसल्या कळतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर मागच्या दोन वर्षांची परीक्षा वेळापत्रकं आणि निकालाच्या सूचना शोधा. शेवटच्या पेपरची तारीख आणि निकालाची तारीख शेजारी शेजारी लिहा. दीड महिन्यापर्यंतचं अंतर आम्ही ठीक मानतो. तीन महिन्यांच्या वर जात असेल तर सावध व्हा. भौतिकशास्त्राची मुलं पुढे जॅम ही एम.एससी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एससी.ला जातात किंवा दुसरीकडे पीएच.डी.साठी अर्ज करतात. तिथे ठरलेल्या तारखेपर्यंत अंतिम वर्षाची मार्कशीट लागते. निकाल रखडला की हातात आलेली जागा सुटते, आणि त्यात मुलीची काहीच चूक नसते.

नॅकचं (उच्च शिक्षणसंस्थांना ग्रेड देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) मूल्यांकन झालेलं असेल तर विद्यापीठाचा स्वयंमूल्यमापन अहवाल वेबसाइटवर असतो. शेकडो पानं आहेत, सगळी वाचू नका. दुसरा निकष उघडा. त्यात मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ प्राध्यापक भरलेले आहेत आणि परीक्षेनंतर निकालाला सरासरी किती दिवस लागले, हे दोन्ही आकडे मिळतात. नुसत्या ग्रेडवर भुलू नका. ग्रेड अख्ख्या संस्थेची असते, भौतिकशास्त्र विभागाची नव्हे, आणि ती सहसा पाच वर्षांसाठी असते. कधीची आहे ते पाहा.

मग विभागाला फोन करा. कायम प्राध्यापक किती आणि अतिथी विद्वान किती, हे विचारायला संकोचू नका. अतिथी विद्वान कमी शिकवतात असं मुळीच नाही. कित्येक जण जीव ओतून शिकवतात. पण त्यांची नेमणूक वर्षावर्षाची. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलीला प्रकल्पासाठी मार्गदर्शक लागेल तेव्हा ते तिथे असतीलच असं नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हे जास्त बोचतं. शेवटच्या वर्षांसाठी माहितीपत्रकात चार विशेष विषय छापलेले असतात, पण मागच्या दोन वर्षांत त्यातले प्रत्यक्षात कोणते चालले, तेही विचारा. उत्तर 'एकच' आलं तर तो एक तुमच्या मुलीला आवडणारा आहे का, ते बघा.

एवढं तपासूनही शंका उरली तर दुसरी फेरी करा. वरच्या वर्षांचे वर्ग सुरू झाल्यावर, मंगळवार ते गुरुवारच्या मधल्या एका दिवशी. मुख्य इमारतीत जाऊ नका, थेट विभागात जा. बाहेर लावलेलं वेळापत्रक वाचा. किती तासांपुढे शिक्षकाचं नाव नाही? सूचनाफलकावरची सगळ्यात ताजी सूचना कधीची आहे? दुपारी प्रात्यक्षिकाच्या वेळी दारात उभं राहायची परवानगी मागा आणि एका टेबलावर किती मुलं आहेत ते मोजा. दोन असतील तर उत्तम, तीन चालतील. चार-पाच असतील तर एक जण वाचन घेतो, एक लिहितो आणि बाकीचे उतरवतात. काळोख्या खोलीत वर्णपटमापी (स्पेक्ट्रोमीटर) किती आणि सोडियमचे दिवे किती, हेही बघा. हा दिवा पूर्ण तेजावर यायलाच काही मिनिटं लागतात. तीन वर्णपटमापींना मिळून एक दिवा असेल आणि त्याचा चोक गेलेला असेल, तर त्या दिवशीची न्यूटनची वलयं मुलं जर्नलमध्येच पाहतात. दोन-तीन मुलांची जर्नलं चाळायला मागा. सगळ्यांची वाचनं दशांशापर्यंत सारखी असतील तर प्रयोग झालेला नाही. आमच्या मते विभागाची परीक्षा या जर्नलांत होते. बाग, फाटक, सभागृह यांत ती होत नाही.

बोलायचं ते दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मुलींशी. पहिल्या वर्षाच्या मुलींना अजून काही माहीत नसतं. 'कसं आहे?' असं विचारलंत तर 'छान आहे' असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : गेल्या सत्रात किती प्रयोग झाले, लायब्ररी संध्याकाळी कितीपर्यंत उघडी असते, एप्रिलमध्ये होस्टेलला पाणी किती वेळ येतं, रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं.

आता घरचं. तिचे बाबा चुकीचं बोलत नाहीत. होळकर विज्ञान महाविद्यालय 1891 चं आहे, स्वायत्त आहे, आणि भंवरकुआंला घरून रोज जाता येतं. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला इंदूरसारखं शहर सहज मिळत नाही. इथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, तिथे इंडस-1 आणि इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र प्रकाश मिळवणारी यंत्रं) चालतात. खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि डीएई (अणुऊर्जा विभाग) यांचं संशोधन केंद्र आहे, सिमरोलला आयआयटी आहे. बी.एससी. इथे करून जॅमची तयारी करणं हा खालच्या दर्जाचा मार्ग मुळीच नव्हे. मात्र होळकरलाही वरचे सगळे प्रश्न विचारा. घरचं म्हणून त्याला सूट देऊ नका. वर्गात मुलं पुष्कळ असतात, त्यामुळे प्रात्यक्षिकाची तुकडी केवढी, हा प्रश्न तिथे आधी विचारा. मुलीला सीबीएसईत 85 टक्के किंवा जास्त असतील तर राज्य सरकार फी भरतं त्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेसाठीही बघा, आणि दोन्हींपैकी कोणत्या संस्थेत ती लागू होते याची खात्री करून घ्या.

आठ दिवसांची काळजी आहे, तर यूजीसीचा फी-परतीचा नियम समजून घ्या. 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून फार तर 5 टक्के, आणि तेही 5,000 रुपयांपर्यंतच कापता येतात. 15 पेक्षा कमी दिवस आधी रद्द केला तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 16 ते 30 दिवसांत 50 टक्के, आणि त्यापुढे काही नाही. अनामत रक्कम पूर्ण परत करायची असते. गेली काही वर्षं यूजीसी वेगळं पत्रही काढतं. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकीची, अशी सवलत होती. यंदाचं पत्र यूजीसीच्या वेबसाइटवर वाचा.

हे पैसे अडकतात ते दोन कारणांनी. एक, 'शेवटची तारीख' कोणती यावर वाद होतो. म्हणून ती जाहीर झालेलं पान आजच छापून ठेवा. दोन, पालक तोंडी किंवा फोनवर रद्द करतात. अर्ज लेखी द्या, ईमेलही करा आणि पोच घ्या. नकार मिळाला तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. मूळ मार्कशीट पडताळून लगेच परत द्यायची असते, संस्थेला ठेवून घेता येत नाही. खरी अडचण टीसी आणि मायग्रेशनची होते. हे कागद एकच असतात आणि दोन्हीकडे मागतात. ते नंतर देण्याचं हमीपत्र चालतं का, हे दोन्हीकडे आधी विचारून घ्या.

म्हणून आमचा सल्ला असा. या दोन संध्याकाळी निकालांच्या तारखा आणि प्राध्यापकांचा आकडा काढा. दोन्ही वाईट असतील तर फी भरू नका, होळकर घ्या. दोन्ही बरे असतील तर फी भरून जागा धरा, ई-प्रवेशमधली (राज्याच्या ऑनलाइन कॉलेज-प्रवेशातली) होळकरची जागाही राहू द्या, आणि वर्ग सुरू होताच दुसरी फेरी करा. निर्णय झाला की नको असलेली जागा त्याच दिवशी सोडा. प्रतीक्षायादीत कुणाची तरी लेक थांबलेली असते. मुलगी होस्टेल पाहून रडली, त्याला हट्ट समजू नका. पाच वर्षं तिला तिथे राहायचं आहे. दुसऱ्या फेरीत खोली तिनेच निवडावी.

प्रश्न : आमचं उलट झालं. एका खासगी विद्यापीठाचं आवार पाहून मुलगा हरखला. एजंट म्हणतो, आज 25,000 भरा, उद्या जागा जाईल. सरासरी पॅकेज पावणेसात लाख सांगतात.
— एक वडील, राजेंद्र नगर

उत्तर : आज भरू नका. पाच मुलांना 3, 3, साडेतीन, 4 आणि 20 लाख मिळाले तर सरासरी 6 लाख 70 हजार येते, पण मधल्या मुलाला साडेतीनच मिळालेले असतात. तो मधला आकडा मागा. संस्था एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेत असेल तर भरलेली माहिती तिच्या वेबसाइटवर असते. त्यात उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती आणि मध्यक पगार किती, हे तीन वर्षांचं दिसतं. अभियांत्रिकी असेल आणि संस्थेने एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता घेतलेली असेल तर यंदाचं मान्यतापत्र मागा आणि त्यात मुलाच्या शाखेचं नाव व जागा तपासा. एनबीए ही दर्जाची मान्यता शाखेला मिळते, अख्ख्या कॉलेजला नाही. कोणत्या शाखेला आहे ते विचारा. एजंटाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका. विद्यापीठाच्या नावाची पावती नसेल तर फी-परतीचा अर्ज कशाच्या जोरावर करणार?

प्रश्न : मी पहिल्या वर्षाला आहे आणि इथे मन लागत नाही. वर्ष वाया जाईल का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : परीक्षा सोडू नका, हे आधी. वर्ष पूर्ण केलंत तर नव्या शैक्षणिक धोरणात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे क्रेडिटचं ऑनलाइन खातं) जमा झालेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, कमाल 7 वर्षं धरले जातात. तुमची एबीसी आयडी तयार आहे का आणि पहिल्या सत्राचे क्रेडिट तिच्यात चढलेत का, हे डिजिलॉकरमध्ये आजच पाहा. पुष्कळदा विद्यापीठाने ते चढवलेलेच नसतात. क्रेडिट असले तरी दुसऱ्या वर्षाला जागा मिळेलच असं नाही. तिथे जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. ज्या विद्यापीठात जायचं आहे त्यांना तुमचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मार्चच्या आत पाठवा आणि कोणते पेपर मान्य होतील ते लेखी मागून घ्या.