भाषेचं काहीबाही : स्वयंपाकघराचा मोर्चा

प्रश्न : परवा घरी साक्षगंध होतं, मी सहज म्हटलं की स्वयंपाकघराचा मोर्चा मोठ्या वहिनींनी सांभाळला, तर आमची पुण्याची सूनबाई हसायलाच लागली. म्हणे मोर्चा काढतात नाहीतर वळवतात, सांभाळत नाहीत. आमचं चुकलं का जी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : चुकलं काही नाही, पण सूनबाई का हसल्या तेही समजतं. मोर्चा म्हटलं की आपल्याला चालणारी माणसंच दिसतात, त्यात नागपूरकरांना तर जास्तच, कारण 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं आलं आणि तेव्हापासून डिसेंबर म्हणजे यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेड, आणि आपली गाडी अडकलेली! पण गंमत अशी बाप्पा, की मूळ शब्दाचा चालण्याशी काही संबंधच नव्हता. तो फारसीतून आला, अर्थ खंदक किंवा वेढ्यातली तोफा लावायची जागा, म्हणून जुन्या बखरींत किल्ल्याला मोर्चे 'लावतात', कोणी काढत नाही. मोर्चेबांधणीही तिथलीच, म्हणून तिकिटासाठी दिल्लीत बसून मोर्चेबांधणी करणाऱ्या पुढाऱ्याला एक पाऊलही चालावं लागत नाही. आणि मोर्चा वळवणं म्हणजे आधी तोफांचं तोंड फिरवणं, नंतर मग माणसाचं, आता तर पंगत उठली की पोरं आइसक्रीमकडे मोर्चा वळवतात.

हिंदीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, जवान मोर्च्यावर असतो, मोर्चा सांभाळतो, आणि आपल्याकडे हिंदीचा शेजार असल्यानं ते बोलण्यात आलं. पुण्याकडे तिथं 'आघाडी सांभाळली' म्हणतील. मला विचाराल तर वहिनींचा मोर्चाच जास्त ऐटदार वाटतो, पन्नास माणसांच्या पुऱ्या तळणं म्हणजे खिंड लढवणंच की.

जाता जाता, कूच वेगळं बरं का. कूच म्हणजे मुक्काम हलवून निघणं, सैन्य 'कूच दरकूच' जायचं म्हणजे मजल दरमजल, म्हणून रणजी स्पर्धेत विदर्भ एकेक मॅच जिंकत गेला की फायनलकडे 'आगेकूच' होते, तिथं मोर्चा वळवला लिहिलं तर विचित्र वाटेल, जणू आधी दुसरीकडेच चालले होते. पावसानं मात्र कोकण सोडून विदर्भाकडे मोर्चा वळवला हे एकदम बरोबर, पेपरवाले दर जूनमध्ये लिहितात.